एका पाटीवर एकच काम

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी, हिंगोलीतल्या दवाखान्यांच्या रस्त्यावरची एक पिवळी पाटी ती लिहिणाऱ्यानेच शिडी लावून उतरवली. पाटीवर काळ्या अक्षरात एकच ओळ होती: 'बोलत नसलेल्या लेकरांसाठी'. पाटीला काहीही झाले नव्हते. रंग उडाला नव्हता, पत्रा गंजला नव्हता, अक्षर रस्त्याच्या त्या टोकावरून वाचता येत होते. समोरच्या चहाच्या टपरीवर तेव्हा चार-पाच माणसे बसली होती. शिडी धरायला त्यांच्यापैकी कुणी उठले नाही.

या मजकुरात कुणाचेही नाव नाही. तशी अट आहे. ती कुणी घातली ते पुढे येईल.

पाटी उतरवणाऱ्या गृहस्थांनी आणि मी बरीच वर्षे एकाच खोलीत काम केले. एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात मी बातम्या पाहत असे, ते जाहिराती. जाहिरात विभाग म्हणजे खिडकीजवळचे एक टेबल, एक लाल पेन आणि ते. एम.ए. झालेले होते, कशात, हे त्यांनी कधी सांगितले नाही. विचारले तर म्हणत, "त्याची पाटी लावायची न्हाई मला." उंच, किंचित वाकलेले आणि कायम रागात. राग हा त्यांचा स्वभाव नसून कामाची पद्धत आहे, असे कार्यालयातले लोक त्यांच्या बाजूने बोलताना म्हणत. मला तसे कधी वाटले नाही. तो रागच होता.

त्यांचा सर्वांत जुना राग एका शब्दावर होता. तो शब्द म्हणजे 'सर्व'. जाहिरातीचा किंवा दारावरच्या पाटीचा मजकूर लिहून घ्यायला कुणी वकील, आर्किटेक्ट किंवा क्लासवाला टेबलासमोर बसायचा, खिशातून कागद काढायचा आणि कागदावर लिहिलेले असायचे, 'आमच्याकडे सर्व प्रकारची कामे केली जातील'. ते कागद न वाचल्यासारखा परत सरकवायचे.

"सगळं करणारा एकच हाय. त्याचं देऊळ औंढ्याला हाय. तुमी काय करता ते सांगा."

काही लोक उठून जात. जे बसून राहत त्यांना ते आपले तत्त्व ऐकवत. साखर विकणाऱ्याला पाटी लागत नाही, कारण पोते दिसते. अक्कल विकणाऱ्याचे पोते दिसत नाही. ते पाटीवर दाखवावे लागते, आणि पाटीवर एकच पोते मावते. हे तत्त्व त्यांनी कुठल्या पुस्तकातून आणले नव्हते. ते पुसेगावकडच्या एका खेड्यातले, मेंढपाळाच्या घरातले. दोन कळप पाण्यावर एकमेकांत मिसळले की मेंढरे ठिपक्यावरून वेगळी करतात. प्रत्येक घराचा एक रंग आणि ठिपक्याची एक जागा. "दोन ठिपके लावले की मेंढरू कुणाचंच न्हाई," असे ते म्हणत. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले की बातमीचा मथळा लांबला की आपोआप आठवायचे. माझ्या मथळ्यांवरही त्यांचे लक्ष असे. बातमी आणि पाटी एकच, पहिल्या ओळीत सांगा नाहीतर घरी जा, हे त्यांचे मत. त्यांनी मला दोनदा घरी जायला सांगितले होते.

एका करसल्लागाराने आणलेल्या कागदावर आयकर, जीएसटी, पॅनकार्ड, दुकान परवाना, पासपोर्ट, विमा, प्लॉटची खरेदी-विक्री आणि सर्वांत शेवटी विवाह जुळवणी असे लिहिले होते. त्यांनी लाल पेन घेतले आणि प्रत्येक ओळीला 'न्हाई' म्हणत ओळी खोडत गेले. विवाह जुळवणीपाशी थांबले.

"हे जमतं तुमाला?"

तो म्हणाला, एक जमले होते.

"टिकलं का?"

तीही ओळ गेली. मग त्यांनी त्याला विचारले की लोक तुमचा जिना चढतात तेव्हा त्यांच्या हातात काय असते. तो म्हणाला, नोटीस. पाटी तयार झाली: 'नोटीस आली? वाचून सांगतो.' आधी दिवसभर पेपर वाचत बसणाऱ्या त्या माणसाच्या कार्यालयात पुढे बसायला खुर्ची मिळेना. फक्त एक गंमत झाली. बाजारातले मोठे दुकानदार समोरच्या दाराने यायचे थांबले. खालच्या कटलरीच्या दुकानात शिरायचे आणि त्याच्या मागच्या दाराने वर जायचे, कारण त्या जिन्यावर दिसलेल्या माणसाला नोटीस आली आहे हे गावाला कळत होते. करसल्लागाराने हे हसत सांगितले. आम्हीही हसलो. ते सर्वांत मोठ्याने हसले.

कनेरगाव नाक्याजवळ खाजगी काम करणारा एक जनावरांचा डॉक्टर होता. त्याच्या पाटीवरची पदवी, रोगांची नावे आणि लसींची नावे त्यांनी काढून टाकली आणि लिहिले, 'शेळी अडली? फोन करा.' फोन वाशिमकडूनही येऊ लागले.

पाटी तयार झाली की ती तपासायची त्यांची एक रीत होती. पाटी जागेवर लावायची, मालकाला आपल्या मोटारसायकलवर मागे बसवायचे आणि वेग कमी न करता पाटीसमोरून जायचे. पुढच्या चौकात थांबून विचारायचे, काय वाचले? मालकाला स्वतःचीच पाटी सांगता आली नाही तर पाटी खाली यायची. एकदा एक स्थूल दंतवैद्य या परीक्षेत गाडीवरून पडला. तो रस्त्यावर बसलेला असतानाच त्याला विचारण्यात आले की काय वाचले.

कार्यालयातली त्यांची नोकरी गेली ती वाढदिवसाच्या पुरवणीमुळे. डॉक्टर आणि वकील यांना स्वतःची जाहिरात करायला मनाई आहे. शुभेच्छा द्यायला मनाई नाही. म्हणून आमच्याकडे पुढाऱ्याचा वाढदिवस आला की पान भरून पुढारी छापला जातो आणि त्याच्या पायाशी, पासपोर्टएवढ्या फोटोंच्या रांगेत, गावातले वकील, डॉक्टर, आर्किटेक्ट 'शुभेच्छुक' म्हणून उभे राहतात. चौकाचौकातल्या फ्लेक्सवरही तेच. अशील किंवा रुग्ण या रांगेतून आपला माणूस कसा शोधतो, हे कुणी विचारत नाही. ते विचारायचे. ती पुरवणी भरायची जबाबदारी त्यांच्याकडे आली तेव्हा फोटो घेऊन आलेल्या एका तरुण वकिलाला त्यांनी सगळ्यांसमोर सुनावले की अशील तुमचे तोंड बघून येत नसतो, भीतीने येतो. त्याची कोणती भीती तुम्हाला घालवता येते ते आधी स्वतःला विचारा, आणि दुसऱ्याच्या वाढदिवसाला आपला वर्गफोटो काढू नका. वकिलाने फोटो परत घेतला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या तिघांनीही घेतले. शाखाप्रमुखांनी त्यांना आत बोलावले. दार बंद होते, पण आवाज बाहेर येत होता, आणि तो एकाच माणसाचा होता. पुरवणी वेळेवर निघाली. त्या दिवशी खिडकीजवळचे टेबल रिकामे होते.

नंतर त्यांनी बसस्थानकासमोरच्या गल्लीत एक खोली घेतली आणि स्वतःच पाट्या लिहू लागले. पत्र्यावर, ऑइल पेंटने. "फ्लेक्स वाढदिवसाला, पत्रा पोटाला," असे त्यांचे म्हणणे. लोकांसाठी मोबाइलवर पाठवायचे दोन ओळींचे निरोपही लिहून देत. त्यांच्या स्वतःच्या खोलीवर पाटी नव्हती. कारण विचारले की म्हणत, ज्याला काम आहे तो विचारत येतो. मी सुटीच्या दिवशी तिथे जाऊन बसत असे. पुढचे बरेचसे तिथेच ऐकले, किंवा नंतर संबंधितांना विचारून खात्री करून घेतली.

त्या खोलीत गेल्या वर्षी उन्हाळ्यात एक तरुण बाई आल्या. सिद्धेश्वर धरणाजवळच्या गावातल्या. वडील पाटबंधारे खात्यात होते. बोलण्याचे दोष दुरुस्त करण्याचे, म्हणजे स्पीच थेरपीचे, शिक्षण त्यांनी पुण्यात घेतले होते आणि तिथली नोकरी सोडून त्या हिंगोलीत दवाखाना काढणार होत्या. त्यांच्या माहितीप्रमाणे जिल्ह्यात या कामासाठी खाजगीत बसणारे दुसरे कुणी नव्हते. ज्या वयात लेकरू बोलायला शिकते ते वय हातचे गेले की पुढे सगळे अवघड होते, आणि इथले लोक नेमके ते वय 'बोलंल की, काय घाई हाय' म्हणत घालवतात, असे त्या म्हणाल्या. जागेचा भाडेकरार अकरा महिन्यांचा होता. तेवढ्यात लेकरे आली नाहीत तर पुण्याला परतायचे, असे घरी ठरले होते.

त्यांनी पाटीसाठी आणलेल्या कागदावर पुष्कळ काही होते. तोतरेपणा, बसलेला आवाज, कमी ऐकू येणे, गिळताना होणारा त्रास, लकवा मारल्यानंतर गेलेली वाचा. ते खोडत गेले. लकव्यापाशी बाईंनी त्यांचा हात धरला. म्हाताऱ्या माणसांचे कामही त्यांना करायचे होते.

"न्हाई," ते म्हणाले. "रातभर झोप कुणाला येत न्हाई? म्हाताऱ्याच्या पोराला का लेकराच्या आईला?"

बाई म्हणाल्या, आईला.

"मंग आईशी बोला."

'बोलत नसलेल्या लेकरांसाठी' ही ओळ अशी आली. बाई मोटारसायकलवर मागे बसल्या, चौकात उतरल्या आणि ओळ बिनचूक म्हणाल्या. पाटी पास झाली म्हणून या गृहस्थांना हसताना मी पाहिले ते त्या एकाच वेळी.

पहिल्या काही आठवड्यांत फोन खूप आले. सेनगाव, कळमनुरी, औंढा, सगळीकडून. वेळ ठरायची, त्या वेळेला कुणी यायचे नाही. दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. वर जायला इमारतीच्या बाहेरून लोखंडी जिना होता, रस्त्याकडे तोंड करून. पाटी जिन्याच्या माथ्यावर. रस्त्यापलीकडे चहाची टपरी. बाई खिडकीत बसून पाहायच्या. एखादी आई लेकराला घेऊन रिक्षातून उतरायची, वर पाटीकडे बघायची, मग टपरीकडे बघायची आणि औषधाच्या दुकानात शिरायची. थोड्या वेळाने हातात एखादी पुडी घेऊन बाहेर पडायची आणि निघून जायची.

दसऱ्याच्या सुमारास बाई त्यांच्या खोलीत आल्या. मी तिथे होतो. त्या बसल्या नाहीत.

"काका, पाटी चांगली आहे. लांबून वाचता येते. तोच त्रास आहे."

त्यांनी विचारले, वाचता येणे हा त्रास कसा.

"लेकरू पाटीखालून वर जातं. ज्यानं पाटी वाचली त्यानं लेकरूही वाचलं. त्याच्या बहिणीचं लग्न जमायचं असतं, काका. त्याला उद्या शाळेत जायचं असतं."

लोकांना लाज वाटते हा लोकांचा दोष, पाटीचा नाही, असे ते म्हणाले. आवाज चढला होता. लेकरू बोलत नाही यात लाज कसली, लाज बघणाऱ्याला वाटली पाहिजे, एकदा गावाला सवय झाली की गाव सुधारेल, धीर धरा.

"गाव सुधरेपर्यंत ते लेकरू मोठं झालेलं असतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या गावाला वेळ आहे. त्याला नाही."

चहा आला होता. त्या तो न घेता गेल्या.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः टपरीवर गेले आणि मला बरोबर नेले. आम्ही पोचलो तेव्हा एक बाई मुलाचा हात धरून जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी होती. डोक्यावरचा पदर आणि पायातल्या चपला यांवरून खेड्यातली. टपरीच्या बाकावरून एकजण, कप न ठेवता, म्हणाला, "घ्या, आनखी एक मुकं." बाकीचे हसले. हसणाऱ्यांमध्ये एक निवृत्त शिक्षक होता. बाईने मुलाचे तोंड पदरात घेतले, पायरीवरून उतरली आणि बसस्थानकाच्या दिशेने चालू लागली. मुलगा मान वळवून जिन्याकडे बघत होता.

ते बाकासमोर जाऊन उभे राहिले आणि कोण बोलले म्हणून विचारले. बोलणारा तसाच बसून राहिला.

"मी बोललो. काय चूक बोललो, मालक? तुमीच लिवलंय की वर. आमी निस्तं वाचलं."

त्यांचा हात वर गेला होता. तो खाली आला.

खोलीवर आल्यावर त्यांनी मला त्या माणसांची नावे पेपरात छापायला सांगितली. मी म्हणालो की चहा पिणे आणि हसणे यावर बातमी होत नाही. "मंग तुमचा पेपर काय कामाचा," असे म्हणून त्यांनी पाठ फिरवली. त्यानंतर त्यांनी जे केले ते हिंगोलीत अजून सांगितले जाते. सकाळी टपरी उघडली की ते खुर्ची घेऊन जायचे आणि बाकासमोर, जिन्याकडे पाठ करून, बसायचे. बाकावरच्या माणसांकडे एकटक बघत. ज्याला वर बघायचे आहे त्याने माझ्याकडे बघावे, एवढेच सांगायचे. चहा मागवायचे नाहीत. माणसे काही वेळ थट्टा करत, मग अवघडत, मग उठून जात. टपरीवाल्याने हात जोडले. ते उठले नाहीत. पण जेवायला गेले की बाक पुन्हा भरायचा. बाईंनी खिडकीतून हे सगळे पाहिले. त्या दिवसांत जिना कुणीच चढले नाही. आता तर खाली पहाराच होता.

दिवाळी झाली. भाडेकरार संपायला फार महिने उरले नव्हते. जुनी नोकरी परत मिळेल का, हे विचारायला पुण्याला फोन केल्याचे बाईंनी मला नंतर सांगितले.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी बसस्थानकासमोरच्या खोलीवर गेलो तेव्हा ते गावावर बोलत होते. समोर ऐकायला मी एकटा होतो, पण आवाज सभेचा होता. या गावाला लेकराची किंमत नाही, इज्जतीची आहे. अशा आईबापांना तुडवले पाहिजे, जे पाटीखालून जायला लाजतात आणि लेकरू तसेच ठेवतात. एवढ्यात त्यांची लेक दारात आली. ती गावातच दिली आहे. बरोबर तिची मुलगी होती, तिसरे वर्ष उलटलेली. हातात प्रवासाची पिशवी. नांदेडची बस नुकतीच लागली होती.

नात बोलत नव्हती हे त्यांना माहीत होते. आमच्याकडची पोरे उशिरा बोलतात, तिची आईही उशिरा बोलली, असे ते सांगत. मलाही त्यांनी तसेच सांगितले होते, आणि ते त्यांना स्वतःला खरे वाटत असावे.

"कुठून येऊन राहिलीस?"

"नांदेडहून."

"काहून?"

तिने पिशवी खाली ठेवली. मुलीला टेबलाजवळच्या स्टुलावर बसवले. मग सांगितले की आषाढापासून दर रविवारी ती मुलीला नांदेडला नेते. बोलायला शिकवण्यासाठी. सासरी मैत्रिणीकडे जाते असे सांगितले आहे.

त्यांनी जो प्रश्न विचारला तो त्यांच्याशिवाय कुणी विचारला नसता.

"तिथं पाटी कुणाची हाय?"

"पाटी न्हाई बाबा. मोठी इमारत हाय. खाली पन्नास डॉक्टरांची नावं, हाडाचे, डोळ्याचे, सगळे. लिफ्टमधून कोण कुठं चाललं, कुणाला कळत न्हाई."

"आन हितं?" ते म्हणाले. "हितं मी तुझ्या दारात आणून ठिवलं ना."

लेक चिडलेली होती, पण आवाज खाली होता. मुलगी तिथे होती म्हणून असेल.

"मेंढरं तुमी सांभाळली, बाबा. मला सांगा, ठिपका कशाला लावतात?"

त्यांनी स्टुलावरच्या मुलीकडे पाहिले.

"वेगळं काढायला लावतात. माझं लेकरू मला वेगळं काढायचं न्हाई."

मुलीने टेबलावरचे लाल पेन उचलले होते आणि त्याचे टोपण काढायचा प्रयत्न करत होती. त्यांनी ते काढून दिले. नंतर लेक गेली, मी गेलो. जाताना त्यांनी मला विचारले की पेपरवाल्यांकडे उंच शिडी असते का. मी नाही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाटी उतरवली. ती शिडी त्यांनी वायरमनकडून आणली होती. मग ते पाटी काखेत धरून जिना चढले. बाईंनी सांगितले की ते आत येऊन बसले आणि त्यांचा तो जुना कागद मागितला, पहिला, ज्यावर पुष्कळ काही होते. तो बाईंनी केव्हाच टाकून दिला होता. मग त्यांनी बाईंना पुन्हा सांगायला लावले आणि स्वतः लिहून घेतले. बसलेला आवाज, कान, घसा, तोतरेपणा, गिळणे, लकवा. लेकरांचे कुठे घालू, असे त्यांनी विचारले. बाई म्हणाल्या, मधे कुठेतरी. त्यांनी मधे घातले. सर्वांत खाली त्यांनी स्वतः एक ओळ वाढवली, 'सर्व वयाच्या रुग्णांसाठी'. लिहिताना ते शिव्या देत होते. कुणाला, ते बाईंना कळले नाही.

नवी पाटी पांढरी आहे, अक्षर बारीक. ती लागल्यावर त्यांनी बाईंना मोटारसायकलवर मागे बसवले आणि वेग कमी न करता समोरून गेले. चौकात थांबले.

"काय वाचलं?"

"काहीच नाही," बाई म्हणाल्या.

"मंग बराबर हाय."

लकवा मारलेले एक निवृत्त तलाठी त्या आठवड्यात पहिल्यांदा जिना चढले, मुलाच्या खांद्याला धरून. नंतर भजन गाणारा एक माणूस आला, ज्याचा आवाज बसला होता. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यांतल्या बाया येऊ लागल्या. कुणाबरोबर म्हातारी सासू असे, कुणाबरोबर लेकरू, कुणाबरोबर दोन्ही. टपरीवरच्या बाकाला जिन्याकडे बघून काय म्हणावे ते कळेनासे झाले. बाक रिकामा झाला नाही. तो आता येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींकडे बघतो.

आपल्या नातीला ते स्वतः नेतात. नांदेड बंद झाले. पहिल्या दिवशी ते तिला कडेवर घेऊन जिन्याकडे वळले तेव्हा मी रस्त्याच्या अलीकडे होतो. बाकावरून त्याच माणसाने विचारले, "काय मालक, तुमाला काय झालं?"

त्यांनी गळ्यावर हात ठेवला. "घसा बसलाय," ते म्हणाले. "तुमच्यावर वरडून वरडून."

आणि वर गेले.

ती पांढरी पाटी वाईट आहे, असे त्यांचे मत अजून आहे. इतर कुणाला ते तशी लिहून देत नाहीत. नातीला न्यायचा दिवस सोडला तर त्या रस्त्याने जात नाहीत, बाजारात जायला लांबचा वळसा घेतात. पिवळी पाटी त्यांच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी आहे.

हे लिहिण्याआधी मी त्यांच्या लेकीला विचारले. तिने कुणाचेही नाव न घालण्याच्या अटीवर होकार दिला. "ज्याला वळखायचं त्यो वळखंल," ती म्हणाली. "पण पाटी नको."

बाईंचा भाडेकरार संपला तेव्हा त्यांनी तो वाढवला. पुण्याला नकार कळवला आहे.

नातीला आता पुष्कळ शब्द येतात, असे ते सांगतात. किती, हे दर वेळी वेगळे सांगतात. लेकीला विचारले तर ती कमी सांगते, बाईंना विचारले तर त्या सांगत नाहीत. मी स्वतः ऐकलेला शब्द एकच आहे. गेल्या महिन्यात मी खोलीवर होतो तेव्हा एक आर्किटेक्ट कागद घेऊन आला आणि त्याने तो टेबलावर ठेवला. पहिली ओळ होती, 'आमच्याकडे सर्व प्रकारच्या बांधकामांचे नकाशे'. नात टेबलावर बसली होती. तिने लाल पेनाने कागदावर एक आडवी रेघ ओढली आणि म्हणाली, "न्हाई."